बाबाजी दत्ताराम तोडणकर, वय पाच महिने

कोणत्याही फॉर्ममधला रकाना रिकामा सोडू नये, असं मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो. माहिती नसेल तर ‘माहिती नाही’ लिहावं, लागू होत नसेल तर ‘लागू नाही’ लिहावं, पण आडवी रेघ मारून मोकळं होऊ नये. आमच्या खारशेत ग्रामपंचायतीत मी लिपिक होतो आणि जन्म-मृत्यूची नोंदवही माझ्या ताब्यात होती. त्या वहीत तुम्हाला एक खाडाखोड सापडणार नाही. पिंट्या, बंड्या, छकुली असली टोपणनावं घेऊन आलेल्या कित्येक बापांना मी दारातून परत पाठवलंय, की आधी घरी जाऊन पोराचं नाव ठेवा आणि मग या. लोक मला खडूस म्हणायचे. म्हणोत बापडे. आज त्यांची पोरं पासपोर्ट काढायला जातात तेव्हा कुठे अडत नाहीत, ती माझ्यामुळे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या भाद्रपदात आरोग्य केंद्राने माझ्या फाटकावर जो कागद चिकटवला, त्याच्यामागे माझा हलगर्जीपणा होता असं गावात अजून बोललं जातं. ते साफ खोटं आहे. त्यामागे माझा काटेकोरपणा होता. हलगर्जी माणसाच्या हातून असलं काही घडूच शकत नाही.

घरात कुत्रं होतं, ही गोष्ट खरी. माझं नव्हतं. आमचा मुलगा परेश न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कामाला आहे. त्याने ज्येष्ठात एक दोन महिन्यांचं पिल्लू आणलं, म्हणाला, खोलीचा मालक कटकट करतोय, दहा दिवस ठेवा. त्या दहा दिवसांना आता तीन महिने होत आले होते. परेशने त्याचं नाव ब्रुनो ठेवलं होतं. आमच्या हिने, म्हणजे विनिताने, ते पहिल्याच दिवशी बदलून बाब्या केलं, कारण म्हणे ब्रुनो म्हणताना कवळी हलते. मी त्याला कुठल्याच नावाने हाक मारत नसे. कोणी विचारलंच तर परेशचं कुत्रं, असं सांगत असे. सकाळी मी पेपर वाचायला बसलो की ते माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपे, ही त्याची मर्जी. मी फक्त पाय हलवत नसे, इतकंच.

एका मंगळवारी त्याने भाकरी-सुकटाला तोंड लावलं नाही. दुपारपर्यंत तीनदा ओकलं. बुधवारी सकाळी जुलाब सुरू झाले, आणि त्यात रक्त दिसलं. हिने ते बघितलं आणि पदराने तोंड पुसत नुसती उभी राहिली.

आजारी माणसापेक्षा आजारी कुत्र्याला सल्ले जास्त मिळतात, कारण ते नको म्हणत नाही. शेजारचा हिरामण, जो रिक्षा चालवतो आणि पूर्वी मिठागरावर होता, तो म्हणाला की हे उन्हाचं हाय, कांद्याचा रस चोळा. भाद्रपदात ऊन कुठलं, असं मी विचारलं, तर म्हणाला, मागल्या वैशाखातलं अंगात राहिलं असंल. मागल्या वैशाखात ते जेमतेम जन्मलं होतं. मासे विकायला येणारी मनुबाई टोपली खाली न ठेवताच म्हणाली की काळ्या खेकड्याचं पाणी पाजा, तिच्या दिराला त्यानेच उतार पडला होता. दिराला काय झालं होतं म्हणून विचारलं, तर मोतीबिंदू. शेवटी हिने कोणाचं न ऐकता बाब्याला जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि हिरामणच्या रिक्षात जाऊन बसली. मी मागोमाग निघालो. मला यायचं नव्हतं. पण कागदपत्रं बघायला घरातलं कोणीतरी जबाबदार माणूस बरोबर असावं लागतं.

श्रीवर्धनला डॉ. तेजस्वी म्हणून जनावरांच्या डॉक्टर आहेत. वयाने परेशहून लहान, पण हात भलते शांत. त्यांनी तपासलं, कसलीशी पट्टी लावून चाचणी केली आणि सांगितलं, पार्व्हो आहे. विषाणूचा आजार, आतड्यांवर बसतो. मग म्हणाल्या, “लसीचं कार्ड बघू.”

मी कार्ड पुढे केलं. पहिला डोस परेशने पनवेलला दिला होता, त्याची तारीख होती. दुसऱ्या डोसची तारीख आषाढातली लिहिलेली होती, आणि तिच्यापुढची सहीची जागा रिकामी होती. डॉक्टरीणबाईंनी कार्ड उलटून बघितलं. मागच्या बाजूला ‘मालकाचे नाव’ असा रकाना आहे. तोही रिकामा होता.

आता हे मला सांगावंच लागेल. ते कार्ड तीन महिने माझ्या खणात होतं. त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं असतं तर कुत्रं माझं झालं असतं. परेशचं लिहिलं असतं तर तो दुसऱ्याच्या वतीने केलेला खुलासा झाला असता, जो मी आयुष्यात केला नाही. म्हणून, नोकरीत आणि नोकरीबाहेर, मी पहिल्यांदाच एक रकाना मोकळा सोडला होता. आणि ज्याला मालकच नाही त्याची तारीख कोण लक्षात ठेवणार? वीजबिलाची तारीख मी कधी चुकवली नाही, हयातीचा दाखला दर नोव्हेंबरच्या एक तारखेला देतो. आणि हा डोस मी चुकवला. डॉक्टरीणबाईंनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

उपचार असा, की रोज दवाखान्यात आणून सलाईन, उलटी थांबायची इंजेक्शनं, आणि वाट बघणं. विषाणू मारणारं औषध नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, या विषाणूवर आपल्याकडे मिळेल असं हमखास औषध नाही. माणसांच्या फ्लूवर एक औषध येतं, लहान मुलांसाठी त्याचं सिरप मिळतं, ते काही डॉक्टर कुत्र्यांना देऊन बघतात. कुणाला गुण येतो असं वाटतं, कुणाला नाही. “मी खात्री देणार नाही काका. सलाईन मात्र एक दिवसही चुकवू नका, उद्या आणि परवा तर अजिबात नाही.” मी सिरपही लिहून द्या म्हटलं. एक चूक झाल्यावर माणूस दुसरीकडे सव्याज भरपाई करायला बघतो.

खारशेतला औषधाचं दुकान एकच, कुलदीपशेठचं. मी चिठ्ठी दिली तेव्हा तो फोनवर कुणाशी तरी गुजरातीत भांडत होता. त्याने औषधाचं नाव वाचलं, बाटली काढली आणि फोन न सोडता एक रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. फ्लूचे रुग्ण वाढल्यामुळे वरून आदेश आला होता, की हे औषध नेणाऱ्याची नोंद ठेवायची आणि रोजची यादी आरोग्य केंद्राला कळवायची. दुसऱ्या कुणी काहीतरी गिरबटून दिलं असतं. आधीच्या पानावर लोकांनी तेच केलं होतं, नुसतं ‘सुनील’, पत्ता ‘देवळाजवळ’. मला ते बघवेना. मी खिशातलं पेन काढलं.

पहिला रकाना: रुग्णाचे संपूर्ण नाव. चिठ्ठीवर ‘बाब्या तोडणकर’ असं होतं. बाब्या हे टोपणनाव झालं, ते मी नोंदवणं शक्य नव्हतं, म्हणून बाबाजी लिहिलं. संपूर्ण नाव म्हटल्यावर मधलं नाव आलं. मधलं नाव काय लिहावं याचा मी विचार केला असं म्हणणार नाही. हात एकतीस वर्षं ज्या वळणाने गेला त्या वळणाने गेला. बाबाजी दत्ताराम तोडणकर. लिंग पुरुष, वय पाच महिने, पत्ता पिनकोडसह. त्या रजिस्टरात रुग्ण माणूस आहे की जनावर असा रकाना नव्हता. असता तर मी तोही भरला असता.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला आरोग्य केंद्राची आशा सेविका सगुणा फाटकाशी येऊन उभी राहिली. सगुणा म्हणजे खारशेतच्या झाडून साऱ्या पोरांची तारीखवार माहिती असलेली बाई. नोंदीच्या बाबतीत गावात मी मान देतो अशी ती एकटीच. चेहरा लाल झालेला होता. म्हणाली, बाबाजी हितंच असतो का.

मी हो म्हटलं. मला वाटलं, सरकारने कुत्र्यांच्या आजारातही लक्ष घालायला सुरुवात केलेली दिसते, चांगली गोष्ट आहे. ती म्हणाली, “पाच महिने झाले, आनि माज्या वहीत नाव न्हाय? डोस किती दिले?”

“एक दिला,” मी खाली मान घालून म्हणालो. “दुसरा राहिला.”

“राहिला? तुमी? सगळ्या गावाला कागदावरनं नाचवलंत तुमी, दत्ताभाऊ, आनि सोताच्या घरचा डोस चुकवलात?”

ते वाक्य आदल्या दिवसापासून मी स्वतःच स्वतःला ऐकवत होतो, त्यामुळे तिचं बोलणं मला मुळीच विचित्र वाटलं नाही. नेमकी तेव्हा खिडकीत ही दिसली. मांडीवर नऊवारीचं गाठोडं, आणि ही चमच्याने औषध पाजत पुटपुटतेय, घे रे राजा, एवढं घे. सगुणाने लगेच नाकाला मास्क लावला, चार पावलं मागे सरकली, पिशवीतून छापील कागद काढून फाटकाला चिकटवला आणि मोबाईलवर बोलत निघून गेली. मी कागद वाचला. ‘या घरात फ्लूचा संशयित रुग्ण आहे. सात दिवस कोणीही आत-बाहेर करू नये.’ खाली रुग्णाचं नाव, माझ्याच शब्दांत, एकही चूक न करता.

मी फाटकावरून ओरडलो, की सगुणाताई, थांब, तो कुत्रा आहे. ती वळली. लांबूनच तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. “आजारी लेकराला कुत्रा म्हनता? या वयात झालं त्येची लाज वाटती व्हय?”

मी एकसष्ट वर्षांचा आहे. ही सत्तावन्न. यापुढे काय घडलं ते सांगताना मला आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. तासाभरात सबंध आळीला कळलं की तोडणकरांकडे पाच महिन्यांचा मुलगा आहे, आणि त्यांनी तो इतके दिवस घरात लपवला. तो कुठून आला यावर तीन मतं होती. दत्तक, परेशची भानगड, आणि तिसरं मत, जे बहुमताने मान्य झालं. बायकांच्या नजरेत हिच्याबद्दल कणव होती. पुरुषांच्या नजरेत माझ्याबद्दल जे काही होतं त्याला मी आदर म्हणेन. एसटीच्या थांब्यावर बसणारे दोघे म्हातारे, ज्यांनी मला एकतीस वर्षांत कधी राम राम केला नाही, त्यांनी कुंपणाबाहेरून हात जोडले. कुणीतरी फाटकावर पिशवी लटकवून गेलं. आत झबलं, टोपडं, दुपटं आणि डिंकाचे लाडू. हिने लाडू परत करायला सांगितले. मी म्हटलं, कुणाचे आहेत ते लिहिलेलं नाही, परत कुणाला करणार.

साडेअकराला परेशचा फोन आला. “बाबा, मला भाऊ झाला म्हणे?” त्याला ही बातमी न्हावा शेव्याला मिळेपर्यंत दीड तास लागला होता. त्याच्या यार्डातला कंटेनर याहून जास्त वेळ अडकतो. मी म्हटलं, तुझ्या कुत्र्यामुळे माझी या गावात शोभा चालली आहे. त्याने विचारलं, “ब्रुनो कसा आहे?” मी फोन हिच्याकडे दिला.

मग आरोग्य केंद्राची माणसं आली. पाठीवर पंप, पायात गमबूट. त्यांनी ब्लीचिंग पावडरचं पाणी आमचं अंगण, ओटा, संडास, नारळीची आळी, सगळीकडे मारलं. वास असा, की मनुबाईने त्या दिवशी आमच्या आळीत टोपलीच आणली नाही. मी डॉ. तेजस्वींना फोन लावला होता, तो चालूच होता. त्या म्हणाल्या, हे कोण करतंय? मी सांगितलं. त्या थोडा वेळ हसल्या आणि म्हणाल्या, उत्तम. पार्व्होचा विषाणू साध्या फिनाईलला दाद देत नाही, ब्लीचिंगने मरतो. आजूबाजूची पिल्लं वाचतील. म्हणजे चुकीच्या रोगासाठी, चुकीच्या रुग्णासाठी, चुकीच्या घरात सरकार आलं आणि बरोबर काम करून गेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मी एकदाच पाहिलं.

पण त्यानंतर त्या जे म्हणाल्या ते हसण्यासारखं नव्हतं. “काका, सलाईनला कधी आणताय? मी संध्याकाळी सहापर्यंत आहे.”

बाब्या ओट्यावर पडला होता. अंगाला थरथर सुटली म्हणून हिने त्याला दुपट्यात गुंडाळून डोक्यावर टोपडं बांधलं होतं. एरवी हे दृश्य बघून मी चार शब्द सुनावले असते. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. मी जवळ गेलो तेव्हा त्याने हनुवटी उचलायचा प्रयत्न केला, बहुतेक माझा पाय शोधत होता, आणि ती परत खाली पडली.

मी हिरामणला हाक मारली. तो स्वतःच्या अंगणातूनच बोलला. त्याच्या सुनेला सातवा महिना होता. फ्लूचं घर म्हटल्यावर तो रिक्षा आमच्या फाटकाशी लावणार नव्हता. मी त्याला सांगितलं, तू काल स्वतः नेलंस ना आम्हाला, कुत्रं तुझ्या रिक्षात होतं, तू बघितलंस. तो अडखळला. म्हणाला, “गाठोडं बगितला मी. आत काय व्हता ते न्हाय बगितला.” कालपर्यंत कांद्याचा रस चोळायला सांगणारा हा माणूस आज ते कुत्रंच नव्हतं म्हणत होता. पण त्याच्यावर रागावता येईना. आत सून खिडकीशी उभी होती.

दुपारचे तीन वाजले होते. मी आरोग्य केंद्रात फोन केला आणि सांगितलं की तुमच्या नोंदीत चूक आहे, ताबडतोब या. नोंदीत चूक आहे हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं होतं, बोलत होतो पहिल्यांदाच.

चारला जीप आली. डॉ. ऋत्विक म्हणून नवे वैद्यकीय अधिकारी, तोंडाला दोन मास्क, मागे सगुणा. मी त्यांना ओट्यावर नेलं आणि म्हटलं, हा बाबाजी. डॉक्टरांनी दुपटं बाजूला केलं, टोपडं सोडलं. दोन कान वर आले. त्यांनी एक कान बोटाने दाबून पाहिला. मग म्हणाले, “हा कुत्रा आहे.”

“तेच सकाळपासून सांगतोय.”

“ते ठीक आहे. बाळ कुठे आहे?”

सरकारी कागदात जे लिहिलेलं आहे ते जगात असलंच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. कालपर्यंत माझीही होती. सगुणाने घर धुंडाळलं. देवघर, न्हाणीघर, तांदळाचं पिंप, आणि माळ्यावर चढून परेशचा पाळणा. पाळण्यात जुन्या मतदारयाद्या होत्या. ती खाली उतरली तेव्हा केसांना जळमटं लागली होती आणि चेहरा पडलेला होता. मला वाटतं, बाळ सापडलं नाही याचं तिला खरोखर वाईट वाटलं. लसीचं कार्ड दाखवलं, डॉ. तेजस्वींना फोन लावून दिला, तेव्हा कुठे त्या तरुण माणसाने एक मास्क काढला.

पण अहवाल वर गेला होता. आमचा बाबाजी तालुक्याच्या यादीत होता, आणि यादीतून नाव काढायला नाव लिहिणाऱ्याचा लेखी जबाब लागतो. हे बरोबरच आहे, मीही मागितला असता. डॉक्टरांनी कोरा कागद दिला आणि मजकूर सांगितला. “लिहा. बाबाजी दत्ताराम तोडणकर या नावाचा कोणीही माझ्या घरात अस्तित्वात नाही. खाली सही, तारीख.”

मी पेन उघडलं. बाबाजी दत्ताराम तोडणकर या नावाचा, इथपर्यंत लिहिलं. पुढे हात जाईना.

मी मृत्यूची नोंदवही सांभाळलेला माणूस आहे. माझ्या वडिलांची नोंद मी केली, आईची केली, सख्ख्या भावाची केली, आणि अक्षर कुठे हललेलं नाही. तीन हातांवर ते पिल्लू पडलं होतं, श्वास मोजता येत होते, आणि मला लिहायचं होतं की ते नाही. मी लिहिलं आणि खरंच झालं तर. सुशिक्षित माणसाच्या मनात असं येऊ नये हे मला मान्य आहे. डॉक्टर घड्याळ बघत होते. सगुणा बघत होती. ही म्हणाली, “अहो, लिहा काहीतरी. सहापर्यंत पोचायचंय. तुमचं अक्षर नंतर काढा.”

मग मी लिहिलं. पूर्ण जबाब असा आहे, मूळ प्रत आरोग्य केंद्रात आहे, कोणीही बघावी: ‘बाबाजी दत्ताराम तोडणकर या नावाचा मनुष्य माझ्या घरात नाही. या नावाचा कुत्रा माझ्या घरात आहे. त्याचा दुसरा डोस माझ्याकडून चुकला म्हणून तो आजारी आहे. पण तो आहे.’

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, शेवटच्या दोन वाक्यांची गरज नव्हती. मी म्हटलं, गरज आहे, राहू द्या. त्यांनी सगुणाकडे कागद दिला. तिने वाचला, घडी घातली, आणि फाटकावरचं ते छापील पान नखाने खरवडून काढलं. कोपरे राहिले, ते अजून आहेत.

हिरामणला पुन्हा समजावण्याइतका वेळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, माझी श्रीवर्धनला मीटिंग आहे, बसा गाडीत. अशा रीतीने बाब्या सरकारी जीपने निघाला, टोपड्यासकट, आणि सगळी आळी दारात उभी राहून बघत होती. दोन कान बाहेर आलेले पाहून एसटी थांब्यावरच्या दोन्ही म्हाताऱ्यांचे चेहरे उतरले. माझ्याबद्दलचा आदर तिथेच संपला. जीपच्या चालकाने लॉगबुक पुढे केलं, नेलेल्या रुग्णाचं नाव लिहा म्हणाला. मी संपूर्ण नाव लिहिलं आणि पुढे कंसात, ठळक अक्षरात, ‘कुत्रा’ असं लिहिलं. माणूस शिकतो.

सहाला बारा मिनिटं कमी असताना सलाईन लागलं. शुक्रवारी लागलं, शनिवारी लागलं. शुक्रवारपासून हिरामणच नेत होता, आणि मनुबाईने दिलेलं खेकड्याचं पाणी बाटलीत भरून बरोबर आणत होता, ते आम्ही वाटेत ओतून टाकत होतो. रविवारी सकाळी मी पेपर उघडून बसलो होतो, वाचत काहीच नव्हतो. पायावर काहीतरी ओलसर टेकलं. मी पाय हलवला नाही. बारापर्यंत तसाच बसून राहिलो, मुंग्या आल्या तरी. हिने चहा आणून ठेवला, बघितलं, आणि आत जाऊन रडली. मी रडलो नाही, मला सर्दी झाली होती.

महिन्याभराने राहिलेल्या लसींसाठी आम्ही श्रीवर्धनला गेलो. तारीख मला सगुणाने आठवण करून दिली. तिच्या वहीत शेवटच्या पानावर, पोरांच्या यादीपासून दोन ओळी सोडून, तिने ती लिहून ठेवली होती. तुमचा भरवसा न्हाय, म्हणाली.

डॉ. तेजस्वींना मी विचारलं, नक्की कशाने बरा झाला, सलाईनने की सिरपने, म्हणजे मला लिहून ठेवायचंय. त्या म्हणाल्या, खरं सांगू का काका, मला सांगता येणार नाही. सलाईनचा वाटा मोठा. सिरपचा असेल, नसेलही. “तो रकाना रिकामाच ठेवावा लागेल.” मला ते फार लागलं, पण बाईंचं म्हणणं प्रामाणिक होतं.

मग त्यांनी कार्ड उलटं केलं, मागच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे परेशचं नाव घालू का, कुत्रा त्याचा ना. मी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, टेबलावर सरळ ठेवलं आणि पेन काढलं. मालकाचे नाव: दत्ताराम विठोबा तोडणकर. पत्ता पिनकोडसह. अक्षर थोडं हललं. माझ्या आयुष्यातली तेवढी एकच नोंद, जी मला पुन्हा लिहून काढावीशी वाटते, आणि मी काढणार नाही.

“आणि याचं नाव?” त्यांनी विचारलं. “बाब्याच ना?”

“टोपणनाव नोंदवत नाहीत,” मी म्हणालो.